उस्तादांचं कोपर

कोपर हा काय चारचौघांत बोलायचा विषय आहे? पण त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. बाजारात लोक राज्यावरून भांडत होते आणि मी, गोदाबाई, नवऱ्याच्या उजव्या कोपरावरून.

नवऱ्याचं नाव सूर्यभान. एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाही. अमरावतीत आमच्या गल्लीच्या टोकाला आखाडा होता, तिथं ते मल्लखांब शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, म्हणून मीही उस्तादच म्हणायची. थोडं चेष्टेनं, थोडं खरं. छाती पुढं आणि मान ताठ. ती मान शनिवारी मारुतीपुढं तेवढी खाली जायची. लग्नात माझ्या वडिलांपुढंसुद्धा गेली नाही, माझ्या माहेरचे, भातकुलीचे लोक कितीतरी वर्षं ते उगाळत होते.

मल्लखांबावर शिकणारा उलटा लटकतो, हाताची पकड सोडतो, गर्रकन फिरून पायांनी पुन्हा खांब धरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय धाडस! पण खाली उस्ताद उभा असतो. त्याचा कोपरात वाकवलेला हात शिष्याच्या पाठीखाली असतो, तो हात आहे म्हणून वरचा माणूस पकड सोडतो. जानराव हा उस्तादांचा सगळ्यात तयार शिष्य. सरकी काढायच्या जिनात कामाला होता, अंगानं वेतासारखा. एका सकाळी तो फिरताना चुकला आणि डोक्यावर आला. उस्तादांनी त्याला झेललं. त्याला खरचटलंसुद्धा नाही, उस्तादांचं कोपर मात्र सांध्यातून निसटलं.

ते जागेवर बसवलं गेलं, तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आखाड्यातली माणसं कुठलंही दुखणं तेलानं रगडून घालवतात. जानराव रोज सकाळ-संध्याकाळ कोमट तिळाचं तेल घेऊन यायचा आणि जीव ओतून कोपर चोळायचा. उस्तादांच्या कपाळावर घाम यायचा, पण मालिश करून घेताना आखाड्यातला माणूस 'हाय' म्हणत नाही. दिवाळी येईतो कोपर लाकूड झालं. हात जवळजवळ सरळ राहिला, जरा हलवला की कळ मस्तकात जायची. जेवायला मी भरवायची आणि ते भिंतीकडं बघत गिळायचे.

शेवटी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला डॉक्टर काळमेघांकडं गेलो. जानरावही आला. डॉक्टरांच्या खोलीत खुंटीला माणसाचा सांगाडा टांगलेला होता. मी पदर तोंडाला लावला, उस्ताद मात्र त्याच्याकडं टक लावून बघत बसले. जन्मभर पोरांचं अंग वळवलं, आत काय वळतं ते पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टरांनी सांगाड्याचा हात धरून हलवून दाखवला. "खांदा म्हणजे उखळातलं मुसळ, चहूकडं फिरते. कोपर म्हणजे दाराची बिजागरी, उघडते अन् मिटते. मार बसल्यावर कोपर रगडलं की आत रक्त साचते अन् मांसातच नवं हाड धरते. तुमची बिजागरी तशी भरून गेली."

जानराव दाराशी उभा होता. तो आपल्या हातांकडं बघत बाहेर गेला.

"मोकळं होईन का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही. ते हाड काढलं तरी पुन्हा भरेल, इतकं झालंय. पण कापून एका कोनात पक्कं जोडून देता येते. मग हलणार नाही, दुखणारही नाही. कोन तुमी सांगा. जास्त वाकवला तर हात तोंडाशी जाईल, घास घेता येईल. काटकोनात ठेवला तर उचलता येईल, धरता येईल, पन तोंड दूर राहीन. एकदा जोडल्यावर बदल नाही. घरी जाऊन चांगल्या हाताला कामट्या बांधा, दोन्ही कोन करून पाहा, मंग या."

गाडीत बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, "तोंडाशी जानारा पायजे."

"काटकोन," उस्ताद म्हणाले.

"काटकोन कशाले? पोरं झेलाले? पंगतीत डाव्या हातानं खासान का? लोक काय म्हनतीन?"

"हात खाली नसन तं वरते कोनतं पोरगं चढन, गोदे?"

त्या दिवसापासून भांडण पेटलं. जानराव आखाड्यात येईनासा झाला. आला तरी भिंतीला टेकून उभा राहायचा, खांबाला हात लावायचा नाही. ते बघून उस्ताद आणखी हट्टाला पेटले. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला दाखवतेच. मी कामट्यांच्या जागी तुराट्या घेतल्या, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि त्यांच्या नाही, माझ्याच उजव्या हाताला बांधून घेतल्या. शेजारची माणिकबाई गाठ मारताना हसून हसून खाली बसली.

आधी माझा कोन. हात घट्ट वाकवून बांधला. जेवण झकास झालं. मी विजयानं त्यांच्याकडं पाहिलं. मग कळशी उचलायला गेले, उचलेना. भाकरी थापायला बसले तर हात परातीपर्यंत पोचेना. माणिकबाईनं आपलं तान्हं दिलं, ते धरता येईना. दिवसभर हात गळ्याशी घेऊन घरात फिरले. तोंडाशी गेलेला हात तोंडाशीच राहिला. मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी काटकोन. कळशी आली. भाकरी वाकडी झाली, पण झाली. माणिकबाईचं तान्हं कोपराच्या खोबणीत असं बसलं की झोपूनच गेलं. मग जेवायला बसले. घास तोंडापासून वीतभर लांब. मी खांदा उचलला, मनगट वळवलं, पाठ पुढं केली. एक सांधा थांबल्यावर बाकीचे त्याचं काम वाटून घेत होते, मला माझ्याच अंगाची गंमत वाटली. तरी चार बोटं कमी पडत होती. शेवटी मान खाली घातली, तेव्हा घास तोंडात गेला.

उस्ताद समोर बसून बघत होते. "जमते?"

"जमते," मी म्हटलं. "पन मान वाकवा लागते."

कोन मागताना त्यांनी खांब पाहिला होता, ताट पाहिलं नव्हतं. सरळ पडलेला हात त्यांनी मांडीवर ओढून घेतला आणि माझ्या ताटाकडं पाहिलं. मला वाटलं, आता माझा कोन घेतील. आणि खरं सांगते, त्या घटकेला मला तो नको होता.

"मान तं मोकळीच हाय," ते म्हणाले. "सोड त्या कामट्या."

अकोल्याला जाऊन कोपर काटकोनात जोडून घेतलं; हाड जुळून पलिस्तर निघायला उन्हाळा आला. पहिल्या दिवशी उस्ताद खांबाखाली जाऊन उभे राहिले. आखाड्यात बायकांनी जायचं नसतं, मी माणिकबाईच्या भिंतीवरून डोकावून बघत होते. जानराव नेहमीसारखा टेकून उभा होता.

"चढ," उस्ताद म्हणाले.

"नाही उस्ताद. मायाच्यानं होत नाही. एकदा तुमचा हात खाल्ला म्या."

"खाल्ला नाही, केला. हे आतलं हाड तुयाच तेलानं धरलं. आता हा हात हलत नाही, वाकत नाही, सुटत नाही. वरून एकदा पाहून घे कुठं हाय तो. तुले तो तिथंच सापडन."

जानराव चढला. उलटा झाला. जिथं चुकला होता तिथं येऊन थांबला. त्यानं मान वळवून खाली पाहिलं. हात होता. त्यानं पकड सोडली. पाठ त्या कोपराला नुसती घासून गेली आणि पाय खांबावर बसले. खाली उतरल्यावर तो उस्तादांच्या पायाशी मातीतच बसला.

त्या दिवशी जानराव आमच्याकडं जेवायला होता. मी दोघांना ताटं वाढली. उस्तादांनी भाकरी मोडली, खांदा उचलला, पाठ पुढं घेतली आणि मान खाली घातली. जानरावानं ते पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं आपल्या ताटातला घास उचलून उस्तादांच्या तोंडापुढं धरला.

"तुया घास तू खाय," उस्ताद म्हणाले. आवाज आखाड्यातलाच होता.

माझ्या वडिलांपुढं न गेलेली ती मान पुन्हा खाली गेली. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. ताट पाटावर ठेवलं तर त्यांना कमी वाकावं लागेल, असं मनात आलं. पाट भिंतीशीच होता, मी हातही लावला त्याला. मग तो तिथंच राहू दिला आणि त्यांना आमटी वाढली.