सरपंचांशी झालेल्या चर्चेनुसार

हॉटेल कंपनीच्या अर्जातलं ते वाक्य नम्रताने दोनदा वाचून दाखवलं. "सरपंचांशी झालेल्या चर्चेनुसार, समुद्राकडे जाणारी पाणंद भूखंडाच्या दक्षिण हद्दीने वळवण्यास ग्रामपंचायतीची हरकत नसावी." मग तिने कागद टेबलावर ठेवला आणि कपाटातून भेटवही काढली.

"ही चर्चा कधी झाली, ताई? मला वहीत सापडत नाही."

नम्रता तारीबावची ग्रामसेविका. कुडाळकडची, सत्तावीस वर्षांची, मोजकं बोलणारी. तिच्या आवाजात संशय नव्हता. पान शोधणाऱ्या माणसाचा असतो तसा आवाज होता, आणि तोच किशोरीला झोंबला.

"बघते मी. अर्ज राहू दे माझ्याकडे," किशोरी म्हणाली आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं पुटपुटत उठली. गॅसवर काही नव्हतं. स्कूटर चालू करून ती घरच्या रस्त्याला लागली, मग घर ओलांडून सरळ किनाऱ्यापर्यंत गेली, तिथे दोन मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली.

ती वही किशोरीनेच सुरू केली होती. दीड वर्षापूर्वी ती सरपंच झाली ती त्याच एका आश्वासनावर. गावात काय होणार हे गावाला सगळ्यात शेवटी कळायचं. जेटीजवळचे स्टॉल कुणाला, वॉटर स्पोर्ट्सच्या होड्या कुठे लागणार, सगळं कुणाच्या तरी पडवीवर चहा पिता पिता ठरायचं आणि ग्रामसभेत फक्त हात वर व्हायचे. किशोरीने निवडून येताच नियम केला. गावाच्या कामासाठी सरपंचाला किंवा सदस्याला जो कोणी भेटेल त्याचं नाव, तो कुणाच्या वतीने आला, त्याने काय मागितलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे वहीत लिहायचं. दर शुक्रवारी त्या आठवड्याच्या पानांची प्रत फलकावर लावायची. आणि शेवटची ओळ तिने स्वतःच्या अक्षरात घातली होती: भेट कुठेही झाली तरी दुसऱ्या दिवशी नोंद व्हावी.

सुरुवातीला लोक हसले. अकरा मतांनी हरलेल्या लवूने तर पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं, 'सरपंचबाईंचा चहा कसा असतो ते बघायला आलो. उत्तर : पातळ.' मग हळूहळू सवय झाली. सप्टेंबरात हॉटेल कंपनीचा माणूस आला, वहीतले रकाने वाचले, गाडीत कागद विसरलो म्हणाला आणि गेला तो गेलाच. ही गोष्ट किशोरीने तीन गावांत मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

कंपनीने गाव आणि समुद्र यांच्यामधलं आठ एकर सुरूबन घेतलं होतं. त्याच्या मधूनच पाणंद जायची. रापणीचं ते अजस्र जाळं किनाऱ्यावरून ओढायला पन्नास-साठ माणसं पहाटे त्याच वाटेने उतरायची आणि बायका मासळीच्या टोपल्या घेऊन त्याच वाटेने वर यायच्या. पाणंद दक्षिणेला वळवली तर खाडीच्या चिखलातून जवळजवळ किलोमीटरभर फेरा पडणार होता.

आणि चर्चा झाली होती.

डिसेंबरात, आचऱ्याला, मावसबहिणीच्या लग्नात. जेवणं चालू असताना भाईमामाने तिला हॉलच्या मागे बोलावलं. सोबत पांढऱ्या शर्टातला एक नम्र गृहस्थ होता. "ह्ये माझे मित्र," मामा म्हणाला. गृहस्थाने मोबाइलवर नकाशा दाखवला. वाट थोडीशी बाजूला घेतली तर गावाला पक्का रस्ताच मिळेल, असं म्हणाला. किशोरी "बघूया" म्हणाली. सगळं मिळून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी वही उघडताना तिला ते आठवलं होतं. पण ते लग्न होतं. आणि तो भाईमामा होता. वडील गेल्यावर ज्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, शिकवलं, आपल्या मुलींच्या बरोबरीने नवीन चप्पल आणली, तो. तिने पंचायतीत आलेल्या दुसऱ्याच कुणाची तरी नोंद केली आणि वही मिटली होती.

आता प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला तीन दिवस उरले होते आणि अर्ज विषयपत्रिकेवर होता.

त्या दिवशी तिने पाहुण्यांच्या आमटीत मीठ दोनदा घातलं. घरच्या होमस्टेतल्या खोल्यांच्या चादरी अर्ध्या काढून तशाच टाकल्या, बाहेर आली, माडांना पाणी लावलं, ते बंद करायचं विसरली. तिचा नवरा धनेश पर्यटकांना डॉल्फिन दाखवून होडी ओढून घरी आला तर अंगणात तळं.

"काय झालां गो तुका?" त्याने नळ बंद करत विचारलं.

तिने सांगितलं. धनेश हातातला दोर गुंडाळू लागला.

"तू हो खंय म्हटलंस? बघूया म्हटलंस ना?"

"पण कागदार चर्चा आसा. आणि वहीत नाय."

"मगे त्येंका सांग, कागदावरसून ताच काढा म्हणान. मामाचा नाव गावात इला, तर तुझ्या आईक काय वाटात?"

तिला त्याचा राग आला, कारण सकाळपासून ती स्वतः हेच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ती आचऱ्याला गेली. भाईमामा पडवीत वर्तमानपत्र वाचत होता. भूमापन खात्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशाला पेन अजून असायचं. मामीने सोलकढीचे पेले आणून ठेवले. किशोरी बसली नाही.

"मामा, तुमी त्येंचे कोण?"

"कोणाचे?"

"त्या हॉटेलवाल्यांचे."

मामाने चष्मा काढून पुसला. "सल्लागार आसंय. गेल्या जूनपासून. जमिनीचे नकाशे बघूक देतत. घराकडे बसान काय करू?"

"लग्नात ता सांगूक नाय तुमी. मित्र म्हटलात."

"लग्नात कोण सांगता? आणि मी तुका काय वाईट करूक सांगलंय? एक वाट, ती थोडी हकडे सरकात. वाटो सरकतत गो. माझो जल्म गेलो त्याच्यात."

"मी ता वहीत लिवतलंय, मामा."

मामीचा हात पेल्यावर थांबला. मामा मात्र शांतपणे म्हणाला, "बरां, लिव. पण त्याच दिवसाखाली घाल. खालती जागा उरलेली असताच. बारीक अक्षरात. कोण तपासता? माझां नाव मामा म्हणान नको, फक्त भेट झाली म्हणान लिव. झालां."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो तिला मदत करत होता. लहानपणी गणितं सोडवून द्यायचा त्याच आवाजात.

"तसा नाय जमाचा," ती म्हणाली.

"मगे माझ्या घराकडे येव नको," मामा म्हणाला आणि वर्तमानपत्र उचललं.

परतीच्या रस्त्यावर तिने दोनदा स्कूटर थांबवली. एकदा परत जायला, एकदा रडायला. दोन्ही न करता ती पंचायतीत पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नम्रता संगणकावर दाखले काढत होती.

किशोरीने वही घेतली आणि डिसेंबरचं पान उघडलं. जागा होती. त्या तारखेच्या शेवटच्या नोंदीखाली दीड ओळ कोरी, कारण पुढची तारीख नव्या पानावर सुरू केलेली. फलकावरची प्रत केव्हाच काढून टाकलेली होती. तिने पेनचं टोपण काढलं. पेनची शाईसुद्धा तीच.

संगणकाचा आवाज थांबलेला तिला जाणवला. नम्रताने मान वळवली नव्हती, पण तिची बोटं कळफलकावर नुसती टेकलेली होती.

किशोरीने पानं उलटली. आजच्या तारखेखाली तिने लिहिलं: 'उशिरा नोंद. डिसेंबरात आचरा येथे लग्नात भेट. भेटणारे : माझे मामा आणि हॉटेल कंपनीचे प्रतिनिधी. मामा कंपनीचे सल्लागार आहेत हे मला आज कळले. मागणी : पाणंद वळवणे. दिलेले उत्तर : बघूया. नोंद त्या वेळी केली नाही. चूक माझी.' मग मामाचं पूर्ण नाव लिहिलं. आडनाव वाचता येईना. तिने ते वर पुन्हा लिहिलं.

"शुक्रवारी फलकावर जाईल," ती म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत थांबायचं?" नम्रताने विचारलं. "ग्रामसभा गुरुवारी आहे."

प्रत त्याच संध्याकाळी लागली.

झेंडावंदनानंतर शाळेच्या वर्गात ग्रामसभा भरली. एरवी चाळीस माणसं यायची, त्या दिवशी व्हरांडाही भरला. किशोरीने नोंद स्वतः वाचली. शेवटच्या शब्दाला लवू उभा राहिला.

"म्हणजे वही आमच्यासाठी, आणि लग्नातली पंगत तुमच्यासाठी?"

मागून हसू आलं. किशोरीने वही मिटली.

मग हौसाबाई उठली. रापणीची मासळी ती चाळीस वर्षं त्या पाणंदीवरून डोक्यावर वाहत होती. "किशोरी, माका ह्या सांग. तू त्येंका बघूया म्हटलंस. बघूया म्हणजे हो की नाय?"

"काकी, तेव्हा माका नाय म्हणूचा होता. मामा समोर होतो. मी नाय म्हणूक नाय."

किशोरीने खुर्ची मागे सारली. "या विषयावर मी खुर्चीत बसणार नाही," ती प्रमाण भाषेत म्हणाली, कारण इतिवृत्तात ते तसंच जायला हवं होतं. "उपसरपंच सभा चालवतील. मी बाहेर थांबते."

बाहेर ती बसू शकली नाही. हातपंपापासून फाटकापर्यंत फेऱ्या घालत राहिली. आतून आवाज चढत होते, उतरत होते. अर्ध्या तासाने नम्रता दारात आली. पाणंद आहे तिथेच राहील, असा ठराव झाला होता. आणि लवूच्या सूचनेवरून दुसराही: सरपंचांनी स्वतःचा नियम मोडला याची सभा गंभीर दखल घेत आहे. दुसऱ्याला किती हात वर झाले ते किशोरीने विचारलं. नम्रताने सांगितलं. तिला वाटलं होतं त्याहून बरेच जास्त होते.

हौसाबाई बाहेर पडताना तिच्यापाशी थांबली. "वाट ऱ्हवली ता बरा झाला. पण तुझो माका राग इलो हा."

"माका ठाऊक आसा, काकी."

"ठाऊक आसा तर बरा," म्हणून ती चालू लागली.

कंपनीने फेब्रुवारीत नवा अर्ज दिला. त्यात पाणंद जागेवर होती. कंपनीचा माणूस आता पंचायतीत येतो आणि वहीत सही करतो. मामाचं काम मात्र सुटलं. नाव उघड झाल्यावर कंपनीला त्याचा उपयोग उरला नव्हता.

शिमग्याला किशोरी आचऱ्याला गेली. आईने नको म्हटलं होतं, तरी गेली. मामीने दार उघडलं, पाणी दिलं, बसायला सांगितलं. मामा आतल्या खोलीत टीव्ही लावून बसला होता. किशोरी पाऊण तास पडवीत बसली. मामी काजूंबद्दल बोलत राहिली, किशोरी हं हं करत राहिली आणि तिचे पाय एका जागी ठरेनात.

निघायला उठली तेव्हा आतून मामाचा आवाज आला.

"धनेशाची होडी बरी चलता मां?"

"चलता," ती म्हणाली.

टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला. तिने क्षणभर वाट पाहिली, मग पायऱ्या उतरली.