पांढऱ्या कापडावरचा माझा चेहरा

टक्.

दुपारी तान्हं झोपलेलं असलं, नळ बंद असला, की सगळ्या घरात एवढाच आवाज व्हायचा. तो माझा. माझ्या पोटात एक लहानशी पट्टी आहे. मी पुरेशी तापले की ती वाकते, वीज तोडते, आणि मी थांबते. एका दुपारी मात्र हा आवाज झालाच नाही. त्या दुपारबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे आम्हा बहिणींची रांगच्या रांग असे. कुणी आमचं बूड घासे, कुणी मूठ बसवी, कुणी वायर ओवी. शेवटी चष्मेवाल्या तपासनीस बाई प्रत्येकीला तापवून आपल्याच रुमालावरून एकदा फिरवत. दिवसाकाठी तो रुमाल दोनशे वेळा इस्त्री होत असेल. माझ्या वेळी त्या म्हणाल्या, "ही शहाणी आहे." एवढ्या तीन शब्दांवर मी कितीतरी वर्षं ताठ्यात राहिले.

एका वडिलांनी मला लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. लग्नात त्या जोडप्याला भिंतीवरची सहा घड्याळं मिळाली होती. भिंती दोनच मोकळ्या होत्या. घड्याळं खोक्यांसकट कॉटखाली गेली आणि मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. त्या नवरीला पुढे दोन लेकरं झाली, म्हणून मीही तिला आईच म्हणते. थोरलीला घरात ठकी म्हणत. धाकटं अजून तान्हंच होतं. बाबा बसचे कंडक्टर. त्यांच्या खाकी शर्टाची बाही माझ्या हातून गेली की कागद कापावा अशी धारदार दिसायची. "तुझी इस्त्री बघूनच लोक रांगेत उभे राहतात," असं ते आईला म्हणत. आई म्हणायची, "मग मलाच न्या गाडीवर, तुम्ही घरी पोरं सांभाळा." पण गालातल्या गालात हसायची.

हे घर ख्रिस्ती. प्रभू येशू पुन्हा येणार, हे इथे उद्या दूधवाला येणार इतक्या सहजपणे बोललं जाई. एका रविवारी उपासनेहून आल्यावर ठकीने पाळकसाहेबांचा उपदेश साऱ्या घराला पुन्हा ऐकवला. प्रभू येईल तेव्हा त्याला आपली मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, नवरीसारखी हवी आहे, तिच्यावर डाग नको आणि सुरकुती तर मुळीच नको, असं ते म्हणाले होते. मी टेबलावर उभी राहून ऐकत होते. सुरकुती काढणं म्हणजे तर माझंच काम! खरं सांगते मित्रांनो, मला वाटलं, प्रभूच्या येण्याची अर्धी तयारी माझ्याकडेच सोपवलेली आहे.

आता मावशींची ओळख करून देते. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावर एक पांढरं कापड अंथरत. ते धुणं, त्याला खळ घालणं, इस्त्री करणं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेआधी सगळ्यांदेखत अंथरणं, हे काम एकच बाई सव्वीस वर्षं करत आली होती. तिला सगळे खळवाल्या मावशी म्हणत. मावशींचं पोट लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यावर होतं. पण या कापडाचं काम त्या सेवा म्हणून करत, आणि त्यात कुणाला बोट लावू देत नसत. त्यांचं म्हणणं असं, की प्रभू कुठल्याही रविवारी येईल, आणि आला की आधी आपल्या मेजाशी येईल. तेव्हा या बाईनं माझ्या कापडाला घाईघाईची घडी घातली, असं त्याला म्हणायला लागू नये.

एका शनिवारी मावशी आमच्याकडे आल्या. मनगटाला पट्टी बांधलेली होती. त्यांची कोळशाची इस्त्री चांगली पाच-सहा किलोंची, ती उचलेना. कापड धुऊन, खळ घालून, ओलसरच गुंडाळून त्यांनी आणलं होतं. एवढ्या वेळेला इस्त्री तेवढी फिरवून दे, मधल्या भरतकामावरून हलक्या हातानं, असं सांगून त्या गेल्या. जाताना दारातून परत वळल्या आणि तेच पुन्हा सांगितलं.

आईला किती आनंद झाला! या कापडाला हात लावायला मिळावा असं तिला लग्न झाल्यापासून वाटत होतं. तिने टेबलावर दुहेरी चादर घातली, हात साबणाने धुतले, पदराला पुसले. अर्धं कापड झालं होतं तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे तिच्या मोठ्या जाऊबाई. आई मला कापडावर तशीच पालथी ठेवून खिडकीशी गेली. दोनच मिनिटं, असं तिच्या मनात असणार.

पण बोलण्याला पाय फुटतात. काय बोलली ते मी ऐकलं आहे, म्हणून सांगायला जीभ जड होते. म्हातारीला आता झेपत नाही, असं ती म्हणाली. डोळे गेलेत, हात गेलाय, पण सोडवत नाही, मानाचं काम ना. बघा तुम्ही, वर्षभरात हे काम माझ्याकडे येतंय की नाही.

इकडे मी तापत होते. टक् व्हायला हवं होतं. माझ्या पोटातली पट्टी गेले दोन महिने चिकटत होती. एकदोनदा बाबांच्या कॉलरला जळका वासही आला होता, पण कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. "शहाणी" म्हणवून घेतलं होतं ना, बिघाड कबूल कसा करणार? तपासनीस बाईंचा शब्द खोटा पडला असता. मी तापतच राहिले, आणि धूर निघाला तेव्हा आई धावली.

कापडाच्या बरोब्बर मधोमध माझा चेहरा उमटला होता. टोकदार, होडीच्या आकाराचा, तपकिरी. माझ्या बुडालाही खळ करपून काळा थर बसला.

आईने मला उचलून पिन काढली. मग तिने लिंबू चोळून पाहिलं, थंड पाण्याचं फडकं लावून पाहिलं. डाग हसत होता तसाच. शेवटी तिने उरलेलं कापड झटपट इस्त्री केलं आणि डाग आत जाईल अशी सुरेख चौकोनी घडी घातली. संध्याकाळी मावशी आल्या. घडीवरून हात फिरवून म्हणाल्या, "कशी गं साय धरल्यासारखी केलीस." आई हसली. तिचं तसलं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांची ड्यूटी होती. ते दुपारी घरी आल्यावर ठकीनेच त्यांना सगळं सांगितलं. मावशींनी मेजावर कापड उलगडलं आणि मधे हा एवढा डाग! सगळे उठून बघायला गेले. मावशींनी डागाकडे पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, माझ्याकडूनच झालं असेल. मग मंडळीचे पंच असलेले शिंपीकाका पुढे आले. सव्वीस वर्षं पुष्कळ केलंत, आता आरामात बसून उपासना करा, असं म्हणाले. "आणि बाबा, नवीन कापड आणणार आहेत, ते कुणी करायचं माहितीये? आपल्या आईनं!"

बाबांनी आईचं कौतुक केलं. आई ताट घेऊन मोरीत गेली आणि भांडी घासत राहिली. आधीच घासलेली भांडी.

त्याच आठवड्यात तिने मला पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. माझं काळं तोंड तिला बघवेना. घरात नवी, हलकी, वाफेची इस्त्री आली. जळकं कापड पंचांनी फडक्यांसाठी आईलाच देऊन टाकलं होतं. तिने ते फाडलंही नाही आणि टाकलंही नाही. कपाटात तळाशी, तसंच घडी घालून ठेवलं.

माळ्यावर धूळ, कॉटखालून तिथे बढती मिळालेली सहा घड्याळं, आणि मी. घड्याळांना चाव्या नव्हत्या, त्यामुळे किती काळ गेला ते त्यांनाही सांगता येईना. पण खालचं सारं ऐकू येई. मावशी आता शेवटच्या बाकावर बसतात हे ऐकलं. देवाचं कापड जाळलं, आपल्या कपड्यांचं काय, म्हणून तीन घरांनी त्यांच्याकडे कपडे देणं बंद केलं, हेही ऐकलं. ते ऐकून आई मुलांवर विनाकारण खेकसली, आणि मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

सहा महिन्यांनी, आज शनिवारी दुपारी, दारात ओळखीचा आवाज आला. मावशी. हातात खळीचा डबा. नवं कापड एका बाजूला घसरतं, हे त्यांनी शेवटच्या बाकावरून पाहिलं होतं. ते चुरगळलेलं पाहून राहवलं नाही म्हणाल्या. त्यांनी खळ कालवली, कापड भिजवलं, पिळून झटकलं, आईला हात कसा धरायचा ते दाखवलं. मग नवी इस्त्री उचलून पाहिली आणि खाली ठेवली. ही पाखरासारखी आहे, खळीच्या कापडाला वजन लागतं, असं म्हणाल्या. आणि मग विचारलं, "तुझी जुनी कुठाय?"

आईने मला माळ्यावरून काढलं. मावशींनी मला उलटं केलं. माझं काळं, टोकदार तोंड त्यांच्या समोर होतं. मित्रांनो, त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीचं बूड रुंद आणि गोलसर. टोक माझं. ज्या बोटाने त्यांनी त्या रविवारी डाग चाचपला, तेच बोट आता माझ्या कडेवरून फिरत होतं. मला वाटलं, आता फुटेल सगळं. बरं होईल.

मावशींनी मला बाजूला ठेवलं. त्यांनी कागदावर जाडं मीठ पसरलं, मला कोमट तापवलं आणि त्यावर घासू लागल्या. पट्टी चिकटते हे त्यांना लगेच कळलं. आपणच पिन काढत, आपणच लावत राहिल्या. काळे पापुद्रे निघत गेले. आई शेजारी उभी होती. तिचे ओठ दोनदा हलले. शेवटी ती म्हणाली, चहा टाकू का?

कापडाला इस्त्री झाली, चहा झाला. मावशी दारात चपला शोधू लागल्या. तेव्हा आई भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मावशी, ते मी जाळलं."

"माहितीये मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझ्या मांडीवर तान्हं होतं. साऱ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या असत्या. म्हटलं, दोन दिवसांत तूच बोलशील." मावशींनी एक चप्पल घातली, दुसरी हातातच राहिली. "सहा महिने झाले, पोरी."

आई रडू लागली. मावशींनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. "मी तुला तेव्हाच माफ केलं. पण माझं नाव तू घडी घालून कपाटात ठेवलंयस गं. ते बाहेर काढ. मला एकटीला सांगून भागायचं नाही. ज्यांच्यापुढं मी मान खाली घातली, त्यांच्यापुढं सांग." आणि जिन्यावर गेल्यावर खालून म्हणाल्या, "आणि त्या इस्त्रीची पट्टी बदलून घे आधी, घर जाळशील."

बाबा आले तेव्हा आईने त्यांना आणि ठकीला समोर बसवून सारं सांगितलं. फोनवरचं बोलणंसुद्धा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, की उद्याची ड्यूटी मी बदलून घेतो, तू उभी राहशील तेव्हा शेजारी मी असेन. आईने कपाटातून ते जळकं कापड काढलं आणि टेबलावर माझ्याशेजारी ठेवलं. उद्या बरोबर न्यायला.

मित्रांनो, माझं तोंड आता लखलखतं आहे. पण मनातलं सांगू? मला ते मिरवावंसं वाटत नाही. बिघडले होते तेव्हा मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याची किंमत एका म्हातारीने शेवटच्या बाकावर बसून दिली. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. जळका वास पहिल्यांदा येतो, तेव्हाच थांबा आणि बघा. इस्त्रीच्या बाबतीत बघा, आणि स्वतःच्याही. आणि डाग पडलाच, तर तो आत घालून सुबक घडी करू नका. कापड कधी ना कधी उलगडायचंच असतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्याच हातात उलगडतं.

संध्याकाळी घरात प्रार्थना झाली. ती संपताना या घरात सगळे मिळून म्हणतात, "ये, प्रभू येशू." गेले सहा महिने माळ्यावर मला त्यात बाबांचा आणि ठकीचा असे दोनच आवाज ऐकू येत होते. आईचा नाही. आज तो आला. फार बारीक होता, पण आला.

तान्ह्याला थोपटत आई दिवाणावर बसली. ठकी तिच्या गुडघ्याला येऊन टेकली. जळक्या कापडाचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आई," ती म्हणाली, "आणि उद्या तू सांगायच्या आधीच तो आला तर?"