काढून टाकलेलं प्रकरण

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना पीएचडी करणाऱ्याच्या घरच्यांनी जेवू घालायचं, हा रिवाज कुणी पाडला देव जाणे, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. म्हणून योगिनीच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, पहाटेपासून चुलीपुढे राबल्या आणि वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, पुरणपोळ्या असे डबे घेऊन धाड गावाहून जीपनं बुलढाण्याच्या कॉलेजात आल्या. सुनेच्या अभ्यासात काय घडलं ते त्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी योगिनीनं रडत रडत ते त्यांनाच सांगितलं होतं.

विषयाचं नाव ऐकूनच माणसं जांभया देत, पण गोष्ट तशी सोपी होती. टोपोलॉजिकल अर्धधातू म्हणून काही पदार्थ असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन आतल्यांपेक्षा वेगळ्याच तऱ्हेनं पळतात. अशा पदार्थाचा पातळ थर घ्यायचा आणि त्यावर चुंबकी धातूचे दोन अणू भेसळ म्हणून टाकायचे. अणू एकमेकांपासून लांब असले तरी मधले इलेक्ट्रॉन याचा कल त्याला कळवतात. मग दोघं एकाच दिशेला तोंड करतात, नाहीतर विरुद्ध दिशांना.

योगिनीचे गाईड डॉ. उद्धव चिंचोले यांनी फार पूर्वी छापून ठेवलं होतं, की थर जाड असो वा पातळ, दोघं एकाच दिशेला. त्याच पेपरावर सर विभागप्रमुख झाले होते. योगिनीच्या गणितात मात्र भलतंच निघालं. थर फार पातळ झाला, की खालच्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन वरच्यांत मिसळतात आणि अणू विरुद्ध दिशांना वळतात. तिनं गणित पुन्हा केलं, दुसऱ्या रीतीनं केलं, पण उत्तर तेच.

“अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं असेल तुझं,” सर म्हणाले. कुठं चुकलं ते काही त्यांनी दाखवलं नाही. “हे प्रकरण काढ. नाहीतर माझी सही मिळणार नाही.”

सहीशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय तासिकेवर शिकवणारी योगिनी जन्मभर तासिकेवरच. तिनं प्रकरण काढलं. प्रबंधाच्या सुरुवातीला सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाचे आभारही मानले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुण्याहून परीक्षक म्हणून डॉ. चारुलता गद्रे आल्या होत्या. बाईंनी प्रबंध खरोखरच वाचला होता, आणि तिथंच पंचाईत झाली.

“थर इतका पातळ घेतलाय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मग दोन्ही पृष्ठभागांचा एकमेकांवर परिणाम होणार. त्यानं अणूंची दिशा उलटते का, हे तपासावंसं नाही वाटलं?”

योगिनीच्या ओठांवर उत्तर होतं, फळा पाठीशीच होता. तिनं सरांकडे पाहिलं. सर हसले.

“मी सांगितलं होतं मॅडम. एकदा नाही, दोनदा. पण या मुलींना घरचा व्याप असतो. राहून जातं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच मान डोलवायची. योगिनीनं डोलवली.

“हो मॅडम,” ती म्हणाली. “राहून गेलं.”

बाईंचा चेहरा जरासा उतरला. पुढचे प्रश्न त्यांनी सोपे विचारले. पदवीची शिफारस झाली, टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर अन्नपूर्णाबाईंचे हात मात्र पदरातच राहिले.

जेवताना गद्रेबाई घाईत होत्या, लवकर उठल्या. सर रेंगाळले. योगिनी पोळीवर तूप वाढत होती, तेव्हा ते हळूच म्हणाले, “ते प्रकरण असेल ना तुझ्याकडे? पाठव मला. बाईंनी विषय काढलाच आहे तर आपण पेपर करून टाकू. माझं नाव आधी घालू, म्हणजे लवकर छापतील.”

म्हणजे चिन्ह चुकलं नव्हतं. आणि सरांना ते तेव्हाही कळत होतं. योगिनीच्या अंगाची लाही लाही झाली.

“ते मी तेव्हाच पुसून टाकलं, सर. तुम्हीच चूक म्हणाला होतात.”

सरांचा घास तोंडातच राहिला. योगिनीला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण ते सुख सर हात धुवायला जाईपर्यंतच टिकलं.

अन्नपूर्णाबाई शेजारी रिकामे डबे आवरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“खरंच पुसलं का वं?”

“नाही, आई. हाये अजून.”

“मंग त्या पुन्याच्या बाईले दे ना! गेली नाही अजून ते. उभी हाये गाडीपाशी.”

योगिनीनं खिडकीतून पाहिलं. बाई गाडीचं दार उघडून कुणाशी तरी बोलत होत्या. चार पावलांत गाठता आलं असतं.

“काय सांगू तिले, आई? की सर खोटं बोलले? मी बी बोलली ना. आत्ताच म्हटलं, राहून गेलं म्हणून.”

“तू भेऊन बोलली.”

“बोलली तर खरी.”

गाडीचं दार लागलं. गाडी फाटकाबाहेर पडून वळेपर्यंत दोघी तिकडेच बघत राहिल्या.

“मंग आता वं?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

“सरले सांगतलं ना, पुसलं म्हणून. आता खरंच पुसा लागन,” योगिनी म्हणाली.