मावशीच्या लग्नाची पावती

यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता, धार्मिक पद्धतीने झालेलं लग्न आणि घटस्फोट सरकारी कायद्याने मानावेत का? अंतिम फेरीत मी ‘मानावेत’ या बाजूने बोलले आणि पहिली आले. त्याआधीच्या फेरीत ‘मानू नयेत’ या बाजूने बोलले होते, तेव्हाही पहिलीच आले होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हा प्रश्न मी निकालात काढला होता.

आणि मग मावशीने लग्न करायचं ठरवलं.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात. चार वर्षं ती त्यांचा चष्मा फुकट पुसून देत होती आणि ते तिचं घड्याळ, जे मुळात कधी बिघडतच नव्हतं, दर आठवड्याला उघडून बघत होते. घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्या दोघांना कळायचं राहिलं होतं. तेही एकदाचं कळलं.

अडचण एकच होती. मावशीचं लग्न झालेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, प्रार्थनागृहात, दोनशे माणसांसमोर. सरकारदरबारी नोंद करायचं कोणाला सुचलंच नाही. सात वर्षं संसार झाला आणि मग ते ‘अहो’ कंपनीच्या निवासात राहायला गेले ते गेलेच.

अर्ज भरायला मावशीने मला सोबत नेलं. “चल गं टकळे, तुझ्या बडबडीचा काही उपयोग होतोय का बघू.”

विवाह नोंदणी कार्यालयात खिडकीमागे एक कारकून होते. त्यांच्यापुढे सहा शिक्के रांगेत उभे होते, म्हणून मी त्यांचं नाव शिक्काकाका ठेवलं. अर्जात प्रश्न होता, ‘पूर्वी विवाह झाला आहे का? होय / नाही.’

मावशीने ‘होय’वर खूण केली.

“घटस्फोटाचा हुकूम?” शिक्काकाकांनी हात पुढे केला.

“तो नाही. लग्न प्रार्थनागृहातलं होतं.”

“मग नोंद?”

“नाही.”

शिक्काकाकांचा चेहरा खुलला. “अहो बाई, मग सोपं आहे! तुमचं लग्न झालेलंच नाही. ‘नाही’ लिहा, खाली सही करा. तुमच्यासाठी तारीख शुक्रवारपर्यंत राखून ठेवतो.”

दुसरी कोणी असती तर उडी मारून सही केली असती. मावशीने पेनाला टोपण लावलं.

“सात वर्षं मी त्या माणसाचे सदरे इस्त्री केले. त्याच्या आईच्या आजारपणात रात्रीचा दिवस केला. आणि मी लिहून देऊ की असं काही झालंच नाही? मग मी कोण होते त्या घरात? पाहुणी?”

“तसं नव्हे हो, कायद्याच्या दृष्टीने...”

“कायद्याचा नंबर तपासून घ्या. दुकान कोपऱ्यावरच आहे.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मावशी, एक अक्षर तर लिहायचंय.”

“दोन आहेत,” ती म्हणाली. “आणि दोन्ही खोटी.”

मग आम्ही प्रार्थनागृहाच्या मंडळाकडे गेलो. तिथले चिटणीस फार गोड माणूस. नकार देताना तर जास्तच गोड.

“ताई, तुमचं लग्न झालंय म्हणजे झालंय. पक्कं! ते सोडवायचं तर तुमच्या यजमानांनी इथे येऊन तसं म्हणायला हवं. आणि ते तर म्हणतात, पत्नी तात्पुरती बहिणीकडे राहते.”

“चार वर्षं?”

“बहिणींचं प्रेम असतंच तसं.”

मागाहून कळलं की ‘अहो’ मंडळाच्या सुखी संसार मार्गदर्शन समितीवर होते. नव्या जोडप्यांना दर रविवारी ते समजूतदारपणावर तासभर व्याख्यान द्यायचे. समितीवर बसायला अट एकच, सभासद विवाहित हवा. तेव्हा सुटका कशाला देतील?

थोडक्यात, सकाळी अकरा वाजता मावशी अविवाहित होती आणि साडेबाराला कायमची विवाहित. मधे फक्त दोन चौक होते. माझी दोन्ही भाषणं मला आठवत होती आणि दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी ‘मंडळात येऊन सुटका द्या’ अशी मावशीची चिठ्ठी घेऊन ‘अहों’च्या निवासावर गेले. फाटकाजवळच्या पहारेकऱ्याने चिठ्ठीवरचं नाव वाचलं. “तू कोण त्यांची?”

“त्यांच्या बायकोची भाची.”

तो खो खो हसला. “अगं, ते चार वर्षं इथे आहेत! वरची पाटी वाच की.”

वर पाटी होती, ‘अविवाहित कर्मचारी निवास’.

देवाशपथ सांगते, मला नाचावंसं वाटलं. चिठ्ठीखाली मी एक ओळ वाढवली. ‘काका, उद्या सकाळी नऊला मंडळात या, नाहीतर मी तुमच्या कंपनीत विचारायला येते की तुम्ही नक्की कोण आहात.’

शुक्रवारी नऊला पाच मिनिटं कमी असतानाच ते हजर. भांग पाडलेला, घाम आलेला. मावशी आणि शाळा बुडवून मीही हजर. घड्याळवाले काका बाहेर पायरीवर बसून उगाचच आपल्या घड्याळाला किल्ली देत होते.

“चिटणीसकाका,” मी शक्य तितक्या निरागसपणे विचारलं, “समितीवर अविवाहित माणूस चालतो का हो?”

‘अहो’ खोकले. मी पाटीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, चिटणीस संतापतील, धर्म काय, सत्य काय, असं बोलतील. त्यांनी शांतपणे चष्मा काढून पुसला.

“म्हणजे समितीवरची एक जागा रिकामी होईल,” ते म्हणाले. “आमचा मेहुणा दोन वर्षं थांबलाय.”

त्यानंतर सगळं सात मिनिटांत झालं. चार वर्षं जे धर्माला शक्य नव्हतं, ते मेहुण्याला झालं.

फक्त कागदाची पंचाईत होती. मंडळाने चाळीस वर्षांत दोनच सुटका दिल्या होत्या, त्यामुळे वेगळा कागद कधी छापलाच नव्हता. चिटणीसांनी कपाटातून दुसरंच पुस्तक काढलं. समारंभाला खुर्च्या नेणाऱ्यांसाठी मंडळ जी पावती फाडतं, तेच! घेणाऱ्याचे नाव. वस्तू. नेल्याची तारीख. परत केल्याची तारीख. सुस्थितीत / मोडतोड.

“मागच्या दोघींनाही हीच दिली होती,” चिटणीस म्हणाले. “काही तक्रार आली नाही.”

घेणाऱ्याच्या जागी ‘अहों’चं नाव पडलं, नेल्याची तारीख अकरा वर्षांपूर्वीची पडली. ‘वस्तू’समोर चिटणीस मावशीचं नाव लिहायला वाकले.

“थांबा. पेन द्या इकडे,” मावशी म्हणाली.

‘वस्तू’समोर तिने ठसठशीत लिहिलं, ‘आमचं लग्न’. ‘सुस्थितीत’ खोडलं. ‘मोडतोड’ राहू दिलं. मग कागद ‘अहों’कडे सरकवला. “करा सही.”

ते वाचून ते हळूच म्हणाले, “असं लिहायलाच हवं का?”

“खोटं आहे का?”

त्यांनी सही केली. चिटणीसांनी शिक्का मारला, ‘फर्निचर विभाग’.

साडेअकराला आम्ही पुन्हा खिडकीसमोर. शिक्काकाकांनी पावती वाचली, पुन्हा वाचली. “बाई, ही खुर्च्यांची पावती आहे.”

“हो. पण त्यांनी निदान मान्य तरी केलं की काहीतरी नेलं होतं.”

“कायद्यात हे बसत नाही.”

“मला ठाऊक आहे. तुम्ही घटस्फोट देऊ नका. मी ‘नाही’वर सही करते. पण आधी त्याच अर्जावर तुम्ही लिहा की लग्न झालं होतं आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं.”

शिक्काकाकांनी पावतीवरचा शिक्का उजेडात धरला. “उमटलाय मात्र छान,” ते पुटपुटले. मग त्यांनी अर्ज उलटा केला. मागे एक मोठा चौकोन होता, ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’. त्यांच्या नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्यात कोणी काही लिहिलं नव्हतं, कारण त्याचा उपयोग काय हे कार्यालयातच कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘अर्जदाराचे लग्न झाले होते व मोडले. त्याची नोंद आमच्याकडे नाही, ही आमची अडचण.’ आणि सहाही शिक्के मारले. सहाही!

मावशीने ते दोनदा वाचलं. मग अर्ज उलटून आधीचं ‘होय’ खोडलं, ‘नाही’वर खूण केली आणि सही केली.

शिक्काकाकांनी पावती अर्जाला टाचली. “अकरा वर्षं म्हणजे खुर्ची टिकाऊ होती म्हणायची.”

“खुर्ची नव्हे हो,” मावशी म्हणाली. “मी.”

आणि दाराशी ताटकळलेल्या घड्याळवाल्या काकांना तिने हाक मारली, “या आत. तुमची सही राहिलीय.”