नरहररावांची पावलं

तलावाच्या पाळीवरून सांडव्यापर्यंत जायचं, तिथल्या भिंतीला हात लावायचा आणि परत फिरायचं. हात लावला नाही तर फेरी धरायची नाही, हा नियम आमच्या ह्यांचा. नेरच्या तहसील ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. नियमाशिवाय त्यांना हवासुद्धा खाता येत नसे.

सकाळी पाळीवर फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप. रोजचा आकडा सगळ्यांच्या यादीत आपोआप चढतो. हे उंच, लांब ढांगांचे, म्हणून यादीत कायम खाली. "फेरी तीच, पावलं कमी. याला काटकसर म्हणतात," असं वर मलाच ऐकवायचे.

ते गेले त्याला चार महिने झाले. त्यांचा मोबाईल मी रोज पाळीवर नेते. आधी सवयीनं उचलला गेला, मग तसंच चालू राहिलं. त्यामुळे यादीत हे अजून चालतात. हल्ली तर वरच असतात. आमच्यातले सदाशिवराव त्यावर अंगठा पाठवतात. कोणी काही बोलत नाही, मीही नाही.

पुण्याहून मंदारचा फोन आला. "आई, रविवारी येतोय. बाबांचा मोबाईल बंद करू या ना आता?"

"बघू," म्हटलं. हो म्हणवेना.

शुक्रवारी मला ताप भरला. सकाळी सहाला विमलताई दारात. शेतात राबणारी बाई, शुगर निघाली म्हणून आमच्याबरोबर फिरायला लागलेली.

"तुम्ही निजा, बाई. मोबाईल द्या त्याईचा."

"कायले?"

"तुमच्यासंगं त्याईलेबी ताप आला काय? त्याईची फेरी काहून चुकवाची?"

आठ वाजता तिनं मोबाईल उशाशी ठेवला. "भिंतीले हात लावला बरं. दोनदा. एक माहा, एक त्याईचा."

आकडा पाहिला. सात हजार एकशे. विमलताई बुटकी आहे.

मग मागचे दिवस सरकवत गेले. रोज सहा हजार, सहा हजार. त्याआधी तेरा दिवस शून्य. आणि त्याच्याही आधी, हे होते तेव्हा, चार हजार आठशे. म्हणजे चार महिने मीच चालत होते. त्यात ह्यांचं एक पाऊल नव्हतं.

रडू येईल म्हणून जरा वाट पाहिली. भूक लागली. कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

रविवारी मंदारला म्हटलं, "कर बंद."

सोमवारी रिकाम्या हातांनी पाळीवर गेले. भिंतीला हात लावला. दोनदा. विमलताई तेवढा वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली.