मशीन राहिलं

“आजी, नंबर मोठ्यानं म्हणू नका.”

“मग तू कान झाकून घे,” म्हणत आजींनी चारही आकडे खणखणीत आवाजात उच्चारत बटणं दाबली. रखवालदारानं तोंड दाराकडे फिरवलं. अकरा वर्षं तो या पैशांच्या मशीनपाशी उभा होता. कोण कार्ड उलटं घालतं, कोण चष्मा घरी विसरतं, सगळं त्याला पाठ होतं.

जाताना आजींनी दारावरच्या कागदाकडे बोट केलं. “हे काय लावलंय?”

“महिनाअखेर मशीन बंद होतंय. मग चौकातल्या दुकानातलंच उरणार. तिथं दर वेळी पैसे कापतात.”

“माझेच पैसे काढायला मी पैसे मोजू? आणि तू गप्प बसलास?”

ते त्याच्या जिव्हारी लागलं. शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंकडून त्यानं अर्ज लिहून घेतला आणि ड्यूटी सुटल्यावर दारोदार फिरू लागला. “लष्कराच्या भाकऱ्या भाजताय,” बायको म्हणाली. पण पहिली सही तिनंच केली. बघता बघता तीनशे सह्या झाल्या. काही ठिकाणी नुसते अंगठे.

बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले. “आता सगळे फोनवरून पैसे देतात हो. तुम्हाला नोकरीची काळजी आहे, खरं ना?”

“आहे साहेब. खोटं कशाला बोलू? पण या सह्या नोकरीसाठी नाहीत. ज्यांना फोन जमत नाही, ती माणसं माझ्याकडे येतात. त्यांना कुठं पाठवू, तेवढं सांगा.”

साहेबांनी कागद ठेवून घेतले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मशीनपाशी जमलेल्यांना त्यानं ते वाचून दाखवलं. मशीन इथंच राहील, पैसे काढायला काही पडणार नाही. आजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात ताईंनी पत्र हातात घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. खर्च कमी करण्यासाठी एक तारखेपासून इथं कॅमेरा बसणार होता. रखवालदार राहणार नव्हता.

“दादा, हे तुम्ही वाचलंच नाहीत.”

“हळू बोला, ताई. खुशीत आहेत सगळे.”

एक तारखेला तो साध्या शर्टात आला. रांग बाहेर फुटपाथपर्यंत होती. त्याला पाहून माणसं सरकली, पुढे जागा झाली.

“राहू द्या. पाळी आली की काढीन,” तो म्हणाला आणि शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिला.