कोरड्या फरशीवर पाय कसा घसरला

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. पायाला पाच चाकं, माथ्यावर दोन आकडे. सध्या मी पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत उभा आहे. माझ्या गळ्यात सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर लाखेचा शिक्का आहे. मित्रांनो, बाटली धरणाऱ्याला इथं का यावं लागलं, ते ऐका.

सांगलीजवळच्या एका शेडमध्ये मला घडवलं. इतकं पॉलिश केलं की कामगारांना माझ्यात आपलं तोंड दिसे. मग टेम्पोत घालून मला कवठे महांकाळच्या पुढे, माळावरच्या एका लहान दवाखान्यात आणलं. बायकांची एकच खोली, सहा खाटा. खिडकीबाहेर पवनचक्क्या. दुपार कलली की त्यांच्या पात्यांची सावली आत शिरे आणि भिंतीवरून, चादरींवरून, आजाऱ्यांच्या तोंडावरून फिरत राही. आवाज काही नसे.

नऊ वर्षं मी तिथं राबलो. बाकीचे स्टँड कुरकुरत, मी गुमान चाले. खोलीची झाडलोट करणाऱ्या मनुबाई नव्या सिस्टरना सांगत, "ह्यो घ्या. लय गुणाचा हाय." तेवढ्या शब्दावर माझा दिवस जाई.

गेल्या वर्षी सुलाबाई नावाची म्हातारी दाखल झाली. जुलाबांनी अगदी गळून गेली होती. तिच्यासोबत तिचा मुलगा नाथाजी होता. खोलीवर सोनिया सिस्टर होत्या, जतकडच्या, चोवीस वर्षांच्या.

पहिल्या दिवशी नाथाजी ओरडला. "सलाईन एवढं हळू का? मुद्दाम करताय व्हय?" सोनियांनी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या टेबलाला इतका खेटून उभा राहिला की त्यांना खुर्ची मागे घ्यावी लागली. "कुठल्या गाडीनं घरी जातीस?" त्याने विचारलं. त्या हसल्यासारखं करून उठून गेल्या. 

तिसऱ्या दिवशी नाथाजी जागचा हलला नाही. आईच्या उशाशी बसून त्याने माझी उभी नळी मुठीत धरली. सोडायचा, परत आवळायचा. सावली त्याच्या तोंडावरून जात होती आणि त्याची पापणी हलत नव्हती. मित्रांनो, हा हात उगारणार हे मला तेव्हाच कळलं होतं. खोलीत आणखी दोघी-तिघींनाही कळलं असावं, कारण त्यांनी भिंतीकडे कूस बदलली.

सुलाबाईचा हात सुईपाशी सुजला. सोनियांनी सुई काढली आणि म्हणाल्या, "दादा, दुसऱ्या हाताला लावावी लागेल." नाथाजी उठला. त्याने मला उचललं. बाटली अजून आकड्याला झुलत होती. मी सोनियांच्या डाव्या मनगटाच्या वर आदळलो. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पोकळ नळीतून माथ्यापर्यंत गेला. तो अजून आत आहे.

नंतर जे झालं, त्याची मला जास्त भीती वाटते. काहीच झालं नाही. फरशी पुसली. मला फिनेलच्या फडक्याने पुसलं. दवाखान्याचे डॉक्टर जयराज आले, त्यांनी नाथाजीला बाजूला घेऊन समजूत काढली आणि रजिस्टरात लिहिलं, 'सिस्टर बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.' संध्याकाळी कंपाउंडर तेच वाक्य बोलला. सकाळी दुसऱ्या सिस्टर बोलल्या. सगळ्यांचे शब्द तेच, क्रमही तोच. घरून फोन आला तेव्हा सोनियासुद्धा म्हणाल्या, "बाथरूममध्ये पाय घसरला गं." त्या आदळण्याने माझ्या नळीला पोचा पडला होता, पण मला त्याचीच शंका यायला लागली.

आणि सोनियांना चक्कर येत होती म्हणून त्याच खोलीत, दोन खाटा सोडून निजवलं होतं. बाकीचे स्टँड अडकलेले होते. सोनियांची बाटली माझ्याच आकड्याला लावली. त्या माझ्याकडे बघत पडून राहिल्या. पलीकडे नाथाजी आईसाठी मोसंबी सोलत होता.

दुपारी तो चहाला गेला. मनुबाई फरशी पुसत होत्या. सुलाबाई एकदम उठून बसली.

"पाय कसला घसरतुया? माज्या लेकानं हानली तिला. ह्या डोळ्यांनी बगितलं म्या."

मनुबाईंचं फडकं थांबलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, त्या बाथरूमात दोन वर्सं पाणी न्हाई. नळ कोरडा हाय. मी बाहेरनं बादली आणतीया."

"मग पाय कसा घसरेल, मावशी?"

"तुमच्या आदी तिगी घसरल्यात तितं. चौथी मी हुते. एका पेशंटच्या माणसानं कानाखाली मारलीती. रजिस्टरात बगा."

सोनियांनी उजव्या हाताने कागद ओढला. पहिल्या दिवसापासून लिहिलं. तो काय ओरडला, कुठं उभा राहिला, काय विचारलं, किती वाजता उठला, कोणी बघितलं. शेवटी नळ कोरडा असल्याचं लिहिलं, आणि मनुबाईंनी त्याखाली अंगठा नाही, सही केली. आयुष्यातली चौथी-पाचवी असेल.

डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "सिस्टर, दवाखान्याचं नाव खराब होईल."

"सर, मी गप्प बसले तर पुढच्या सिस्टरच्या डोक्यात स्टँड बसेल. तिथं काय लिहाल?"

डॉक्टरांनी रजिस्टराची मागची पानं उलटली; तेच वाक्य पुन्हा पुन्हा होतं. मग त्यांनीच पोलिसांना फोन लावला, आणि स्वतःच्या जबाबात रजिस्टरातली नोंद खोटी असल्याचं सांगितलं. त्या खोट्या नोंदीसाठी त्यांच्यामागेही चौकशी लागली आहे. नाथाजीला अटक झाली. नेताना तो आईकडे बघत होता. सुलाबाईने तोंडाला पदर लावला, पण शब्द मागे घेतला नाही. ती बरी होऊन घरी जाईपर्यंत सोनिया गळ्यात हात बांधून रोज तिच्यापाशी येत आणि विचारत, "जेवलीस का आज्जी?"

पंचनाम्यात मला इथं आणलं. परवा हवालदार सांगत होते, त्या दवाखान्यात आता टेबलावर एक वही आहे. कोणी नुसतं अंगावर आलं तरी त्याच दिवशी तिच्यात लिहितात, आणि अशा वेळी खोलीत दोघी थांबतात. खटला चालू आहे. निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाची आई, ताई, मावशी दवाखान्यात काम करत असेल. ती घरी येऊन नेहमीपेक्षा कमी बोलली, ठरलेल्या गाडीने जायला कचरली, तर जवळ बसून विचारा. उत्तर फार नीट, पाठ केल्यासारखं आलं, तर परत विचारा. आणि तुमच्यासमोर कोणी सिस्टरवर मूठ आवळली, तर भिंतीकडे तोंड फिरवू नका. मोठ्यांना हाक मारा. तारखेला मला कोर्टात नेतील आणि सोनिया माझ्याकडे बोट दाखवतील. दोष दाखवणारं बोट आपल्यावर यावं, असं मला पहिल्यांदाच वाटतं आहे, कारण त्यानेच खरं बाहेर येईल.